आकाशपाळण्याच्या रांगेत आत्याचा नंबर

जळगावजवळ, पिंप्राळ्याच्या आमच्या घरी नळ अंगणातच होता. पाणी आलं की आई तोटी उघडायची, भरून झालं की बंद करायची. पाण्याविषयी मला एवढंच माहीत होतं. बाकीचं मी धुळ्याला शिकले, आत्याच्या गल्लीत, मे महिन्याच्या सुट्ट्यांत.

तिथे पाणी चौथ्या दिवशी यायचं आणि पुऱ्या गल्लीला नळ एकच. पाण्याच्या आदल्या संध्याकाळपासून नळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत हंड्यांची रांग लागायची. प्रत्येक हंड्याला काहीतरी खूण असे. कोणाचा तांब्याचा, कोणाचा काठावर पोचा आलेला. आत्याच्या हंड्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधलेली होती. हंडे रांगेत आणि बायका आपापल्या घरी, असं ते चालायचं. पहिल्या वर्षी मला वाटलं, हंडा ठेवला की झालं. आत्याने मला हाताला धरून परत नेलं.

"नुसतं ठेवून येत नाहीत," ती म्हणाली. "सांगून यावं लागतं. पुढच्या बाईला अन् मागच्या बाईला."

आणि तिने मागच्या हंड्यावाल्या बाईला हाक मारून सांगितलं, "मना नंबर शे, ध्यान ठेवजो माय."

"शे, शे," ती बाई दारातूनच म्हणाली, म्हणजे आहे, आहे.

तेवढं झालं की मग हंडा कोणी हलवत नसे. रांग पुढे सरकली की मागची बाई आपल्या हंड्याबरोबर तुमचाही पायाने पुढे ढकलत नेई. न सांगता ठेवलेला हंडा मात्र बाजूला काढून ठेवायचे, आणि त्यावरून भांडायला आलेल्या बाईची बाजू कोणी घेत नसे.

मला हे सांगायचं काम कधी जमलं नाही. मी जळगावच्या इंग्रजी शाळेत जात होते. घरी आम्ही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचो, आणि आत्याच्या गल्लीतली अहिराणी मला सगळी कळायची, पण तोंडातून निघायची नाही. त्यामुळे मी नुसती मान हलवायचे. हंड्यांच्या रांगेत आमच्या मागे असणारी एक जाडजूड बाई एकदा माझ्यासमोरच आत्याला म्हणाली, "तुनी भाची मुकी शे का वं?"

"मुकी नही, इंग्रजीमा बोलस," आत्या म्हणाली. "तुमले समजाव नही."

माझ्याशी आत्या तिच्या मते शुद्ध मराठीत बोलायची. मी आठवीची परीक्षा देऊन गेले त्या उन्हाळ्यात तिने माझ्यापुढे एक रंगीत कागद ठेवला. गल्लीचं भजनी मंडळ दरवर्षी बस करून कुठल्यातरी देवस्थानाला जायचं. त्या वर्षी मंडळाच्या अक्का, म्हणजे समोरच्या घरातल्या, म्हणाल्या की देव काही पळून जात नाही, यंदा पोरांना मुंबईकडचं ते पाळण्यांचं मोठं पार्क दाखवू. कागद त्या पार्कचा होता आणि सगळा इंग्रजीत. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. एकाच तिकिटात सगळे पाळणे. पाण्यातून घसरणारी होडी. आणि शेवटी आकाशपाळणा, ज्याच्या टोकावरून समुद्र दिसतो.

"ते परत वाच," आत्या म्हणाली.

मी परत वाचलं. तिने कागदाची घडी केली आणि चहाच्या डब्याखाली ठेवली. दोन दिवसांनी पाणी गाळताना, फडक्याकडे बघतच, तिने विचारलं, "खरंच दिसतो का गं?"

"लिहिलंय तसं."

"मी अजून पाहिला नाही."

तेव्हा ती पंचेचाळिशीच्या पुढे होती. लग्नानंतर जायचं ठरलं होतं, मग राहून गेलं, मग ठरवणारा माणूसच गेला. हे तिने मला सांगितलं नाही. आईने सांगितलं होतं कधीतरी. त्या दिवशी आत्या एवढंच म्हणाली की बस समुद्रावर थांबणार नाही, अक्कांना विचारलं. सकाळी पोचायचं, दिवसभर पार्क, पाचच्या ठोक्याला परत. कारण दुसऱ्या दिवशी गल्लीत पाणी होतं. त्यावर बसमधल्या कोणीही वाद घातला नसता, आत्यानेही नाही. म्हणजे समुद्र पाहायचा तर त्या पाळण्यातूनच. ही गोष्ट तिला आणि मलाच माहीत होती.

निघण्याआधी, नेहमीपेक्षा एक दिवस लवकरच, सगळ्यांनी हंडे रांगेत लावले आणि मागे राहणाऱ्या बायकांना सांगितलं.

पार्कच्या दारातून आत शिरलो तेव्हा दहा वाजले होते आणि तिथे जळगावच्या बाजारात पोळ्याच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी होती. दारासमोरच गरगर फिरणाऱ्या बशांचा एक पाळणा होता आणि येणारा प्रत्येक जण तिथेच थांबत होता. आमच्या बसमधली पोरंही थांबली. आत्याने माझा दंड धरला.

"इथे नको. सगळे पहिल्या नळाला लागतात. आपण शेवटाकडून सुरू करू."

तिच्या डाव्या हातात प्लास्टिकच्या वायरची हिरवी-गुलाबी पिशवी होती. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, एक ओला पंचा, गूळ-शेंगदाणे. उजव्या हातात दशम्यांचा मोठा पितळी डबा, अख्ख्या मंडळाचा. तो तिच्याकडे होता कारण दशम्या तिने केल्या होत्या. आकाशपाळणा पार्कच्या टोकाला होता. आम्ही पोचलो तेव्हा रांग होती, पण लोखंडी कठड्यांच्या चार वळणांतलं दीडच वळण भरलेलं. आत्याने मान वर करून पाळणा पाहिला आणि रांगेत उभी राहिली.

तिला रांगेत उभं राहता येत होतं. असं म्हटलेलं विचित्र वाटेल, पण माझ्या वडिलांना ते येत नसे. ते दर दोन मिनिटांनी पुढे किती आहेत ते पाहायचे आणि चिडायचे. आत्या पुढे पाहायचीच नाही. तिने पंचा माझ्या डोक्यावर टाकला, कठड्याच्या सावलीच्या बाजूला मला उभं केलं, आणि पुढच्या माणसाच्या पोराला शेंगदाणे दिले. पाच मिनिटांत तिला कळलं होतं की ती मंडळी नाशिककडची आहेत, होडीच्या रांगेत त्यांचा दीड तास गेला आणि जेवणाच्या वेळी तिथे गर्दी कमी होते. ती अर्धं हिंदी, अर्धं अहिराणी बोलत होती. मी तिच्यापासून थोडी तिरपी उभी राहिले, म्हणजे आम्ही बरोबर आहोत हे लगेच लक्षात येऊ नये.

आमच्या मागे एक बाई होत्या. काळा चष्मा, कापलेले केस, दोन मुलं. मुलांशी इंग्रजीत बोलत होत्या, आमच्या वर्गशिक्षिकेसारखं, अगदी न अडखळता.

रांग अर्ध्यावर आली आणि मंडळातलं एक पोर धावत आलं. अक्का झाडाखाली बसल्या होत्या, लहान मुलं भुकेने रडत होती आणि दशम्या आत्याकडे होत्या.

"तू थांब इथे," आत्या मला म्हणाली. "मी डबा देऊन आले."

मी म्हणाले, "डबा जड आहे, मी पण येते." डबा जड होता, पण ते कारण नव्हतं. मला अनोळखी लोकांत एकटीने उभं राहायचं नव्हतं.

तिने क्षणभर पाळण्याकडे पाहिलं. "बरं. पिशवी ठेव आपल्या जागी. आणि मागच्या बाईंना सांग." आणि ती डबा सांभाळत कठड्याखालून वाकून बाहेर गेली.

मी पिशवी ठेवली. वाक्य माझ्याकडे तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. काळ्या चष्म्याच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या हिरव्या-गुलाबी पिशवीकडे पाहिलं, आणि मला वाटलं, मी बोलले की ही पिशवी माझी आहे हे ठरून जाईल. मी कठड्याखालून वाकले आणि आत्याच्या मागे पळाले.

"सांगितलं?"

"हो."

दशम्या वाटून, पोरांना पार्कच्या नळावर पाणी पाजून परत यायला अर्धा तास लागला. आमची पिशवी रांगेत नव्हती. कठड्याच्या बाहेर, खांबाला टेकवून ठेवली होती. काळ्या चष्म्याच्या बाई वर कुठेतरी पाळण्यात असणार. पाळण्याच्या दारावरच्या टोपीवाल्याला आत्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मौसी, यहाँ सामान की लाइन नहीं होती. आदमी की होती है." मागचे काही जण हसले.

रांग आता चारही वळणं भरून बाहेर आली होती. मला वाटलं आत्या भांडेल. नळावर मी तिला भांडताना पाहिलं होतं, एकदा तिने एका बाईचा भरलेला हंडा तिच्यादेखत उपडा केला होता. पण तिने पिशवी उचलली, खांबाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चल, आधी होडी करून घेऊ. लोक जेवायला बसलेत."

होडीला खरंच फक्त वीस मिनिटं लागली. मग लाकडी घोडे झाले, मग अक्कांच्या नातवाला घेऊन भुताच्या घरात जाऊन आलो. आत्या सगळीकडे हसली. मी मात्र दर वेळी मान वळवून त्या मोठ्या चाकाकडे पाहत होते. दुपारी दोनला परत गेलो तर तिथे साखळी लावलेली, तेलपाण्यासाठी दीड तास बंद. साडेतीनला उघडला तेव्हा आत्या अक्कांच्या सुनेला उलट्या होत होत्या म्हणून तिच्यापाशी बसलेली. पुन्हा पाळण्यापाशी पोचलो तर सव्वाचार झाले होते.

टोपीवाला म्हणाला, एक तास तरी लागेल. कदाचित जास्त.

आत्याने मनात हिशेब केला असणार. पार्कच्या दारापर्यंत चालायला पंधरा मिनिटं. "राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी." आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मंडळ पुढच्या वर्षी पुन्हा देवस्थानालाच जाणार हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं.

मी बोलत नसे, त्यामुळे पाहत खूप असे. सकाळी रांगेत उभी असताना मी पाळण्याकडे पाहत होते आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. एका पाळण्यात चौघांची जागा होती. पण तिघांचं कुटुंब आलं की तिघंच वर जायचे. एकट्याने अनोळखी लोकांत कोणी बसत नसे आणि टोपीवालाही कोणाला बसवत नसे. दर दोन-तीन पाळण्यांमागे एक जागा रिकामी वर जाऊन रिकामी खाली येत होती. सकाळपासून ते मला दिसत होतं. कोणाला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, इतकंच.

"तू इथेच थांब," मी आत्याला म्हणाले. मी तिला असं कधी म्हटलं नव्हतं.

मी कठड्याच्या बाहेरून चालत रांगेच्या तोंडाशी गेले. तिथे तिघं उभे होते. खांद्याला थर्मास लावलेला एक माणूस, त्याची बायको, आणि मनगटाला फुगा बांधलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. माझं इंग्रजी वाक्य सकाळपासून तयार होतं, पण तोंड उघडल्यावर ते आलंच नाही.

"माझ्या आत्याने समुद्र पाहिलेला नाही," मी म्हणाले. "आमची बस पाचला सुटते. तुमच्याबरोबर एक जागा रिकामी जाणार आहे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या मागून एक जण म्हणाला, "ओ ताई, मागून या. आम्ही काय इथे ऊन खायला उभे आहोत?"

"मी नाही बसणार," मी त्याला म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "एकटी आत्याच. आम्ही सकाळी नंबर लावला होता. मागच्या बाईंना सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही. ती माझी चूक आहे, तिची नाही."

त्याला यातलं काय कळलं देव जाणे. मी का सांगितलं तेही मला कळलं नाही. दिवसभर पोटात होतं, ते तिथे एका अनोळखी माणसापुढे बाहेर आलं. तो जरा गोंधळला आणि आपल्या बरोबरच्याला म्हणाला, "जागा तशी रिकामीच जाते म्हणा."

"कुठल्या तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"धुळ्याच्या. म्हणजे ती धुळ्याची."

"बोलाव त्यांना," बाई म्हणाल्या. मग मुलीला, "मावशी बसतील आपल्याजवळ, चालेल ना?"

मुलीने विचार केला. "फुगा नाही धरायचा त्यांनी."

मी हाताने खूण केली. आत्या आधी आलीच नाही, तिला वाटलं मी काहीतरी दाखवते आहे. मग आली, कठड्याच्या बाजूने, पदर सावरत, लोकांकडे न बघता. टोपीवाला बोट वर करून म्हणाला, "एक ही जाएगा."

"तू?" आत्याने मला विचारलं.

"मी पिशवी धरते."

तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या, वरून पडतील म्हणून. आणि अनवाणी पायांनी त्या तिघांमध्ये जाऊन बसली.

चाक हळूहळू फिरत, थांबत, वर गेलं. मला खालून फक्त तिच्या पातळाचा काठ दिसत होता, आणि मुलीचा फुगा. टोकाला पाळणा थांबला, खाली कोणी चढत होतं म्हणून. वरचे बाकीचे लोक हात हलवत होते, ओरडत होते. तिचा हात दिसला नाही. मी एका हातात चपला, एका हातात पिशवी घेऊन उभी होते आणि सकाळपासून पहिल्यांदाच मला त्या पिशवीचं काही वाटत नव्हतं.

ते खाली आले तेव्हा आत्याने मुलीला घट्ट कवेत धरलेलं होतं. "आमची मुलगी घाबरेल म्हणून धरलं बिचाऱ्यांनी," बाई मला म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "मी नव्हते घाबरले. त्याच घाबरल्या." आत्याने तिच्या दोन्ही हातांत उरलेले सगळे शेंगदाणे ओतले. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण पावणेपाच होऊन गेले होते आणि आत्या चपला घालून चालायला लागली होती. त्या कुटुंबाचं गावही मी विचारलं नाही. त्या तिघांचं काही नुकसान झालं नाही, हे खरं आहे. पण ते नाही म्हणू शकले असते, आणि मग मी पुन्हा कधी कोणाला काही विचारलं असतं असं मला वाटत नाही. आज मी ऑफिसात दिवसभर अनोळखी माणसांशी बोलते. कोणी खिडकीपाशी येऊन अडखळलं की मला तो फुगा आठवतो, आणि मी थांबते.

बसच्या दारात अक्का उभ्या होत्या. "पाच वाजी गयात. सकाय पानी शे, मालूम शे ना?"

"मालूम शे," आत्या म्हणाली. "समुद्र देखी लिधा."

बस निघाली तशी सगळ्याजणी मागे वळून बसल्या. समुद्र बाकी कोणालाच दिसला नव्हता, सगळ्या दिवसभर बशा आणि घोडे यांतच होत्या. कसा शे, केवढा शे, असं सगळं विचारून झालं.

"इतला पानी," आत्या म्हणाली. "आन् एक बी हंडा नही."

बस मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत हसू चाललं होतं. मग एकेक जण पेंगायला लागली. आत्याने पंचा घडी करून पिशवीत घातला आणि अगदी हळू, माझ्याशी बोलायच्या मराठीत म्हणाली, "सकाळी तू त्या बाईंना सांगितलं नव्हतं."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. "तुला कसं कळलं?"

"पिशवी नीट खांबाला टेकवलेली होती. सांगितलं असतं तर बाईने ती पुढे सरकवत नेली असती. सांगितलं नव्हतं म्हणून बाजूला काढली. बाई चांगली होती. फेकली नाही."

मला मात्र दिवसभर वाटत होतं की आत्या त्या शहरातल्या लोकांना मनात नावं ठेवत असेल, आणि मी तिला ठेवू देत होते.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? तू रडली असती. मग एक तास त्यातच गेला असता."

आणि तिने डोळे मिटले. मी रडले, पण आता वेळ जाण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी गल्लीत उतरलो तेव्हा हंडे होते तसे रांगेत होते, लाल चिंधीवाला सुद्धा. नळ यायला थोडा अवकाश होता. आत्याने कुलूप काढलं आणि आत जाता जाता म्हणाली, "मी चहा टाकते. तू जाऊन उभी राहा. नाहीतर नुसतं सांगून ये."

आमच्या हंड्यामागे ती जाडजूड बाई ओट्यावर बसून दात घासत होती. ती बसने आली नव्हती. दोन दिवस आत्याचा हंडा तिनेच राखला होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मनी आत्याना नंबर शे," मी म्हणाले. "ध्यान ठेवजो माय."

तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"शे, शे," ती म्हणाली. "जाय, चहा पी."